कॉन्फेडरेट झेंड्याचा अर्थ कोणी ठरवायचा?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय एका कापडाचा आहे. लाल रंगाचं कापड, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जाणारी निळी फुली, फुलीला पांढरी किनार आणि फुलीवर १३ पांढरे तारे. अमेरिकन मालिकांत, मोटारींच्या मागे, टी-शर्टवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे चित्र पाहिलं असेल. याला 'कॉन्फेडरेट झेंडा' म्हणतात. एक माणूस हा झेंडा बघून म्हणतो, 'हा माझ्या पणजोबांचा सन्मान आहे.' दुसरा म्हणतो, 'माझ्या पणजोबांना बाजारात विकणाऱ्यांचा हा झेंडा आहे.' दोघंही त्याच गावात राहतात, दोघंही कर भरतात. आणि गावातल्या सरकारी इमारतीवर झेंडा लावायचा की नाही, हे दोघांना मिळून ठरवायचं आहे. हा खरा पेच आहे.

अशा वादात आपण पटकन म्हणतो, 'ज्याचा त्याचा अर्थ.' तेवढ्यावर थांबून चालत नाही. कारण या एका वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. झेंडा ज्यांनी केला त्यांना काय म्हणायचं होतं? नंतर तो कोणी, कधी आणि कशासाठी वापरला? आणि आज तो कोण लावतोय, एखादा नागरिक की सरकार? हे तीन धागे आपण सुटे करून बघू.

झेंडा आला कुठून?

१८६० साली अब्राहम लिंकन निवडून आले आणि दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटायला लागली. सुरुवातीला सात, मग आणखी चार, अशी एकूण ११. या फुटीर राज्यांनी आपला वेगळा देश जाहीर केला, त्याचं नाव कॉन्फेडरसी. मग तारे १३ का? तर केंटकी आणि मिसूरी या दोन राज्यांवरही त्यांनी हक्क सांगितला होता.

आता एक गंमत बघा. आज ज्याला आपण कॉन्फेडरेट झेंडा म्हणतो, तो त्या देशाचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. पहिला राष्ट्रध्वज मार्च १८६१ मध्ये आला. त्यात तीन आडवे पट्टे आणि कोपऱ्यात ताऱ्यांचं वर्तुळ होतं. तो अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा. जुलै १८६१ मध्ये व्हर्जिनियात मनासासची पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा धुरात आपला कोण नि शत्रू कोण हे कळेना. सेनापतींना सहज ओळखता येईल असा झेंडा हवा होता. साउथ कॅरोलायनाचे विल्यम पोर्चर माइल्स यांचं एक डिझाइन राष्ट्रध्वज म्हणून आधी नाकारलं गेलं होतं. तेच व्हर्जिनियातल्या सैन्याने चौकोनी करून घेतलं. म्हणजे हा मुळात लढाईचा झेंडा. पुढे इतर तुकड्यांनी, आरमारानेही त्याचे प्रकार वापरले. आज दिसतो तो आयताकृती झेंडा त्यातल्याच एका प्रकारासारखा आहे.

याच डिझाइनबद्दलची आणखी एक गोष्ट. माइल्स यांनी आधी सरळ उभा-आडवा क्रॉस काढला होता. त्यावर दक्षिणेतल्याच एका ज्यू गृहस्थांनी त्यांना पत्र लिहिलं, की एका विशिष्ट धर्माचं चिन्ह सगळ्या राष्ट्राचं चिन्ह करू नका. माइल्स यांनी ते मानलं आणि क्रॉस तिरका केला. हे लक्षात ठेवा. 'या चिन्हात मी बसत नाही' असं एक माणूस म्हणाला आणि त्याचं ऐकलं गेलं. पण त्याच वेळी अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती. साउथ कॅरोलायनात तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के लोकसंख्या गुलाम होती. ही माणसं या चिन्हात बसतात का, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. कारण त्यांच्या हिशेबात ती राष्ट्रात नव्हतीच, ती मालमत्तेत होती.

युद्ध कशासाठी होतं?

इथे झेंड्याच्या समर्थकांचा पहिला मुद्दा येतो. ते म्हणतात, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, ते राज्यांच्या अधिकारांसाठी होतं. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तपासून बघा. तपासणं सोपं आहे, कारण फुटीर राज्यांनी आपण का फुटतोय हे स्वतःच लिहून ठेवलंय.

मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगितलंय, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर फार बोलकी आहे. पळून आलेले गुलाम परत पाठवायला उत्तरेकडची राज्यं नकार देतात, ही ती तक्रार. म्हणजे बघा, उत्तरेकडची राज्यं आपले अधिकार वापरत होती आणि दक्षिणेला नेमकं तेच खुपत होतं. कॉन्फेडरसीच्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकी हक्काला धक्का लावणारा कायदा करायलाच बंदी होती. आणि त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात भर सभेत सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या तत्त्वावर आमचं नवं सरकार उभं आहे, तीच त्याची कोनशिला आहे.

झेंड्यापुरतं बोलायचं तर १८६३ साली दुसरा राष्ट्रध्वज आला. पांढरं कापड आणि कोपऱ्यात हीच लढाईची फुली. सव्हानाच्या एका वृत्तपत्राचे संपादक विल्यम टॅपन थॉम्पसन यांनी या पांढऱ्या रंगाची बाजू उघडपणे अशी मांडली, की गोऱ्या माणसाचं श्रेष्ठत्व टिकवण्यासाठी आपण लढतोय, तेव्हा पांढरा रंगच योग्य. पुढे वारा नसताना हा झेंडा शरणागतीच्या पांढऱ्या निशाणासारखा दिसतो असं लक्षात आलं आणि मार्च १८६५ मध्ये त्याला एक लाल पट्टा जोडला. पुढच्याच महिन्यात जनरल ली शरण गेले.

आता समर्थकांचा दुसरा मुद्दा, आणि हा जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, 'माझा पणजोबा गरीब शेतकरी होता. त्याच्याकडे एकही गुलाम नव्हता. तो गावासाठी लढला आणि मेला.' हे खरं असू शकतं. फुटीर राज्यांत सुमारे तीनपैकी एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते, म्हणजे दोघांकडे नव्हते. सैन्यात सक्तीची भरतीही झाली होती. दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांहून अधिक सैनिक या युद्धात गेले. त्यांच्या नातवंडांचं दुःख खोटं म्हणायचं कारण नाही. पण सैनिक कशासाठी लढतो आणि सैन्य कशासाठी लढतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पणजोबांच्या मनात गाव असेल. ते जिंकले असते तर टिकली असती ती गुलामगिरीच. झेंडा सैन्याचा असतो, एका सैनिकाच्या मनाचा नसतो.

याच युद्धाकडे पुण्यातून बघताना

हे सगळं लांबचं वाटतं. पण आपला या युद्धाशी थेट संबंध आला होता. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि गिरण्यांची मागणी वळली मुंबईकडे. कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीसुद्धा त्यात कोसळले.

पैशाचा संबंध तर होताच, पण विचारांचा त्याहून मोठा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं. त्यांचा कित्ता माझे देशबांधव शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवतील, अशी आशा जोतीरावांनी त्यात व्यक्त केली. म्हणजे युद्ध संपून आठ वर्षं झाली होती आणि हजारो मैलांवर पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा अर्थ स्वच्छ दिसत होता. नेमक्या याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळीच कथा रचली जात होती: युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, एका उदात्त ध्येयासाठी होतं, ते हरलं एवढंच. एडवर्ड पोलार्ड यांनी १८६६ मध्येच या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावावरून या कथेला 'लॉस्ट कॉज', म्हणजे 'हरलेलं ध्येय', असं नाव पडलं.

स्मशानातून विधिमंडळावर

आता दुसरा धागा. १८६५ नंतर हा झेंडा गेला कुठे? बराच काळ तो स्मारकांपाशी, सैनिकांच्या थडग्यांपाशी, जुन्या सैनिकांच्या मेळाव्यात दिसायचा. मृतांच्या मुलींनी, मुलांनी संघटना काढल्या, पुतळे उभारले. पण एवढंच झालं असंही नाही. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून काळ्या नागरिकांचा मताधिकार जवळजवळ संपवला आणि १८९४ मध्ये आपल्या राज्याच्या झेंड्यात ही लढाईची फुली घातली.

खरा बदल १९४८ मध्ये झाला. अध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी हक्कांची भूमिका घेतली, म्हणून दक्षिणेतले डेमोक्रॅट पक्ष सोडून बाहेर पडले आणि त्यांनी साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. त्यांच्या मेळाव्यांत हा झेंडा फडकला. थडग्यावरचा झेंडा प्रचारसभेत आला.

यापुढच्या तारखा नुसत्या ओळीने ऐका. मे १९५४: शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १९५६: जॉर्जियाने राज्याच्या झेंड्यात लढाईची फुली घातली. १९६१: साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या घुमटावर झेंडा चढला. एप्रिल १९६३: अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी तो तिथल्या घुमटावर चढवला, आणि तोही कधी? तर अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी वर्णभेदाच्या प्रश्नावर त्यांना भेटायला आले तेव्हा.

समर्थक म्हणतात, १९६१ मध्ये युद्धाची शताब्दी होती, म्हणून झेंडा लावला. ठीक आहे, शताब्दी होतीच. पण शताब्दी १९६५ मध्ये संपली आणि झेंडा २००० सालापर्यंत घुमटावर राहिला. शाळेत काळी मुलं येऊ नयेत म्हणून जमलेल्या गर्दीच्या हातातही तोच झेंडा होता. तेव्हा 'त्या वाईट लोकांनी आमचं पवित्र चिन्ह पळवलं' असं म्हणताना एक अडचण येते. ज्यांनी पळवलं असं म्हणायचं, ते कोणी गल्लीतले गुंड नव्हते. गव्हर्नर होते, आमदार होते.

हेही मान्य केलं पाहिजे, की या झेंड्याला मधल्या काळात तिसराच एक अर्थ चिकटला. बंडखोरी, गावाकडचा रांगडेपणा, 'आम्हाला शिकवू नका' असा पवित्रा. १९७९ ते १९८५ या काळात 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' ही मालिका चालली, तिच्यातल्या नारिंगी मोटारीच्या टपावर हा झेंडा होता. ती बघून वाढलेल्या मुलाच्या मनात वर्णद्वेष असेलच असं नाही. २०१५ च्या सीएनएनच्या पाहणीत ५७ टक्के अमेरिकनांनी झेंडा मुख्यतः दक्षिणेच्या अभिमानाचं प्रतीक आहे असं सांगितलं. काळ्या नागरिकांपैकी ७२ टक्क्यांनी मात्र तो वर्णद्वेषाचं प्रतीक आहे असं सांगितलं. म्हणजे मोजून अर्थ ठरवायचा, तर बहुमत एकीकडे आणि ज्यांनी सोसलं ते दुसरीकडे. त्यामुळे मतमोजणीने हा प्रश्न सुटत नाही.

चार्ल्स्टन, २०१५

१७ जून २०१५ ला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात, काळ्या लोकांच्या एका ऐतिहासिक चर्चमध्ये बायबलचा अभ्यास चालू होता. एक गोरा तरुण तिथे येऊन बसला आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घालून मारलं. या झेंड्यासोबतचे त्याचे फोटो नंतर सापडले. मृतांमध्ये चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते.

राज्याचा आणि देशाचा झेंडा अर्ध्यावर उतरवला गेला. कॉन्फेडरेट झेंडा मात्र पूर्ण उंचीवर तसाच राहिला. का? तर २००० साली मोठ्या आंदोलनानंतर एक तडजोड झाली होती. झेंडा घुमटावरून काढून समोरच्या सैनिक स्मारकापाशी लावायचा, आणि पुढे कधी काढायचा झाला तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागतील. कोणी अधिकारी परस्पर त्याला हात लावू शकत नव्हता. पिंकनी यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी विधिमंडळाच्या इमारतीत आणलं, तेव्हाही बाहेर तो झेंडा फडकत होता.

तेव्हा तिथल्या गव्हर्नर होत्या निक्की हेली, पंजाबमधून स्थलांतरित झालेल्या शीख आईवडिलांची मुलगी. झेंडा काढा असं आवाहन करताना त्यांनी कोणाच्याही पणजोबाला खोटं ठरवलं नाही. अनेकांसाठी हा पूर्वजांचा आदर आहे आणि अनेकांसाठी दडपशाहीची खूण आहे, हे दोन्ही त्यांनी म्हटलं. खाजगी घरावर लावायचा तर लावा, पण विधिमंडळ सगळ्यांचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या आधीच्या भूमिकेवर टीका करायला जागा आहे, कारण हत्याकांडापूर्वी त्यांनी हा विषय कधी पुढे नेला नव्हता. पण ही मांडणी नीट आहे. सिनेटमध्ये झेंडा काढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत पॉल थर्मंड होते. १९४८ च्या त्या स्ट्रॉम थर्मंड यांचे हे चिरंजीव. प्रतिनिधीगृहात ९४ विरुद्ध २० मतांनी ठराव झाला आणि १० जुलैला झेंडा उतरला. तो जाळला नाही, फाडला नाही, वस्तुसंग्रहालयाकडे दिला. मिसिसिपीने आपला १८९४ चा झेंडा २०२० मध्ये रद्द केला.

बोलतंय कोण?

इथे तिसरा धागा हाती येतो. हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जून २०१५ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्याचा चार्ल्स्टनशी काही संबंध नव्हता, टेक्सासचं प्रकरण होतं. कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेला मोटारीच्या सरकारी नंबरप्लेटवर हा झेंडा हवा होता, राज्याने नकार दिला. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची बाजू घेतली. नंबरप्लेट हे सरकारचं बोलणं आहे आणि सरकारने काय बोलायचं हे सरकार ठरवू शकतं, असा त्याचा सारांश. त्याच मोटारीच्या बंपरवर मालकाने झेंड्याचं स्टिकर लावलं तर ते मालकाचं बोलणं, आणि त्याला संरक्षण आहे.

हा फरक मला सगळ्यात उपयोगी वाटतो. नागरिकाला चूक बोलायचाही हक्क आहे. सरकार मात्र बोलतं तेव्हा ते सगळ्यांच्या नावाने बोलतं. त्या पणजोबांच्या नातवाच्या नावाने, आणि विकल्या गेलेल्या पणजीच्या नातीच्या नावानेही. नातवाला घरी झेंडा लावता येतो, स्मारकावर फुलं वाहता येतात. पण नातीला 'ज्याचा त्याचा अर्थ' म्हणून त्या घुमटाखाली दाद मागायला पाठवणं, हा न्याय होत नाही.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक

प्रश्न: झेंडा काढला म्हणजे इतिहास पुसला, असं नाही का होत?

उत्तर: तुम्ही चांगला प्रश्न विचारलात. मला उलटं वाटतं. घुमटावरच्या झेंड्याखाली माहितीचा फलक नसतो. तो इतिहास सांगत नाही, तो 'आम्ही याच्या बाजूचे' एवढंच सांगतो. तोच झेंडा संग्रहालयात ठेवला की शेजारी लिहावं लागतं: हा कोणी केला, कशासाठी, १९४८ मध्ये कोणी उचलला, १९६१ मध्ये कोणी चढवला, २०१५ मध्ये का उतरवला. म्हणजे इतिहास तिथे सुरू होतो. पुसायचाच असता तर पुरावा नष्ट केला असता. मिसिसिपीचा जाहीरनामा, स्टीव्हन्सचं भाषण, थॉम्पसनचे लेख हे सगळं जपून ठेवलंय म्हणूनच आज आपण इथे बसून त्यावर बोलू शकलो. कुठल्याही झेंड्याबद्दल वाद घालायची वेळ आली, तर आधी त्याच्या तारखा मागा. कधी केला, कधी उचलला, कधी चढवला. निम्मा वाद तिथेच स्वच्छ होतो, उरलेला निम्मा आपण एकमेकांशी बसून बोलायचा असतो.